आस्वादकांच्या भिन्न भावप्रतिक्रिया आणि चित्रनिर्मितीची प्रक्रिया

प्रस्तावना :

चित्र पूर्ण होते, ते रसिकांसमोर येते आणि त्यानंतर त्यावर प्रतिक्रिया उमटतात, असा सर्वसाधारण समज आहे. या समजानुसार चित्रकार हा देणारा आणि रसिक हा केवळ घेणारा ठरतो. भारतीय सौंदर्यविचाराने मात्र रसिकाला इतके निष्क्रिय मानलेले नाही. अभिनवगुप्ताने रसविवेचनात ‘सहृदय’ या संकल्पनेला मध्यवर्ती स्थान दिले. ती चर्चा प्रामुख्याने नाट्य आणि काव्य यांविषयी असली, तरी चित्रकलेच्या संदर्भातही तिच्यातून एक महत्त्वाचा प्रश्न निर्माण होतो. एकाच चित्रापुढे एकाच्या मनात आदर, दुसऱ्याच्या मनात तिटकारा आणि तिसऱ्याच्या डोळ्यांत अश्रू येत असतील, तर चित्रकाराने यांपैकी कोणाचे ऐकावे? प्रस्तुत लेखात पाश्चात्त्य चित्रकलेतील तीन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

1. नकार आणि पुनर्रचना : काराव्हाज्जिओ

रोममधील सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमधील कोंतारेल्ली प्रार्थनागृहासाठी काराव्हाज्जिओने 1602 मध्ये संत मॅथ्यूचे चित्र रंगविले. त्यात संत पायावर पाय टाकून, अनवाणी, एखाद्या कष्टकऱ्यासारखा बसलेला होता आणि देवदूत जणू त्याचा हात धरून त्याला लिहायला शिकवीत होता. संताला न शोभणारे रूप म्हणून धर्मगुरूंनी हे चित्र नाकारले, असे जुन्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. काराव्हाज्जिओने दुसरे चित्र काढले. त्यात देवदूत वर अधांतरी असून बोटांवर मुद्दे मोजीत आहे, तर संत भारदस्त वस्त्रात मान वळवून त्याच्याकडे पाहत आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, पहिले चित्र टाकून दिले गेले नाही. विंचेन्झो ज्युस्तिनियानी या धनिक संग्राहकाने ते विकत घेतले. जे रूप वेदीमागे अवमानकारक वाटले, तेच खासगी दालनात मौल्यवान ठरले. म्हणजे भावप्रतिक्रिया ही केवळ चित्रातील गुणधर्मांवर अवलंबून नसते. चित्र कोठे आणि कोणत्या अपेक्षेने पाहिले जाते, यावरही ती ठरते. पुढे बर्लिनला गेलेले ते पहिले चित्र 1945 मध्ये नष्ट झाले. दुसरे आजही चर्चमध्ये आहे.

2. तडजोड आणि निष्ठा : सार्जंट

जॉन सिंगर सार्जंट याने पॅरिसमधील सौंदर्यवती मादाम गोत्रो हिचे व्यक्तिचित्र 1884 च्या ‘सालाँ’ प्रदर्शनात मांडले. काळा पोशाख, फिकट पांढरी कांती आणि उजव्या खांद्यावरून घसरलेला पोशाखाचा पट्टा असे त्याचे स्वरूप होते. प्रेक्षकांनी त्याला असभ्य ठरविले आणि उपहासाचा वर्षाव झाला. प्रदर्शनानंतर सार्जंटने तो पट्टा खांद्यावर नीट बसलेला असा पुन्हा रंगविला.

बदल काही इंचांचाच होता. चेहऱ्याची कड, देहाची ऐट आणि कांतीचा थंड रंग मात्र त्याने तसाच ठेवला. हे चित्र त्याने दीर्घकाळ स्वतःजवळ बाळगले आणि 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकताना आपल्या हातून घडलेले बहुधा हेच सर्वोत्तम काम असावे, असे मत कळविले. चित्रकार लोकप्रतिक्रियेपुढे नमला, तरी किती नमायचे याची मर्यादा त्याने स्वतः आखली होती.

3. प्रतिक्रियेची पूर्वकल्पना : रॉथको

वरील दोन्ही उदाहरणांत प्रतिक्रिया बाहेरून आणि चित्र पूर्ण झाल्यावर आली. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको (1903–1970) याच्या बाबतीत मात्र ती निर्मितीच्या आतच वावरताना दिसते. 1950 च्या दशकातील त्याच्या चित्रांत पातळ रंगांचे अनेक थर एकमेकांवर चढविलेले असून धूसर कडांचे आयत जणू पृष्ठभागावर तरंगत असतात. या चित्रांपुढे काही प्रेक्षक अक्षरशः रडत. इतरांना ती प्रसन्न, घर सजविण्याजोगी वाटत. चित्रापुढे रडणाऱ्याला आपल्यालाच रंगविताना आलेला अनुभव येत असतो आणि केवळ रंगसंबंधांनी सुखावणाऱ्याच्या हातून मर्म निसटते, अशी रॉथकोची भूमिका होती.

ही भूमिका त्याच्या कार्यपद्धतीत उतरली. चित्रे खाली, मंद प्रकाशात टांगावीत आणि प्रेक्षकाने अगदी जवळ उभे राहावे, असा त्याचा आग्रह असे. 1957 च्या सुमारास त्याचे रंग गडद होऊ लागले. 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतील ‘फोर सीझन्स’ या उंची उपाहारगृहासाठी त्याने भित्तिचित्रांचे काम स्वीकारले. आडव्या आयतांच्या जागी बंद खिडकी किंवा दार भासावे असे आकार आले. गडद तपकिरी-लाल आणि काळा हे रंग प्रभावी झाले. तेथे जेवणाऱ्या धनिकांची भूकच मरावी, असा हेतू त्याने एका पत्रकाराजवळ बोलून दाखविला होता. परंतु तेथे प्रत्यक्ष जेवून आल्यावर असा प्रेक्षक ही चित्रे पाहणारच नाही, हे त्याला उमगले. त्याने पैसे परत करून चित्रे काढून घेतली.

ह्यूस्टन येथील प्रार्थनागृहाचे काम 1964 मध्ये मिळाल्यावर त्याने कार्यशाळेत त्या वास्तूच्या काही भिंती मूळ आकारात उभारल्या. चित्रे कप्पीने वर-खाली करून तो दीर्घकाळ पाहत बसे आणि पुष्कळदा रंगलेपन साहाय्यक करीत. निर्माता स्वतःच प्रथम प्रेक्षक झाला होता. चौदा चित्रांचे हे प्रार्थनागृह त्याच्या मृत्यूनंतर, 1971 मध्ये खुले झाले. तेथेही कोणाला शांतता लाभते, तर कोणाला केवळ काळोख दिसतो.

निष्कर्ष :

1. भिन्न प्रतिक्रियांची सरासरी काढून चित्र घडत नाही. चित्रकार त्यांतील एखादी प्रतिक्रिया आपली मानतो आणि त्यानुसार रंग, आकार, अंतर व प्रकाश ठरवितो.

2. प्रतिक्रियेचा प्रभाव पुनर्रचना, मर्यादित दुरुस्ती किंवा पूर्वकल्पना अशा निरनिराळ्या रूपांत प्रकट होतो.

3. रसिक निवडता येत असला, तरी त्याच्या भावनेवर चित्रकाराचे नियंत्रण नसते. रॉथकोने प्रकाश आणि अंतरही ठरविण्याचा प्रयत्न केला, तरी प्रेक्षकाच्या मनाचे स्वातंत्र्य अबाधित राहिले. या स्वातंत्र्याची जाणीव ठेवूनही आपल्या अनुभवाशी प्रामाणिक राहणे, यातच चित्रकाराची खरी कसोटी आहे.