हेपाच्या पोटात ॲस्बेस्टॉस!

नोव्हेंबर लागला की दिल्लीतल्या आर. के. पुरमचं नाव टीव्हीवर झळकू लागतं, ते इथल्या हवा मोजणाऱ्या केंद्रामुळे. आकडा बघून केंद्र सरकारी क्वार्टरमधली आपली मंडळी एअर प्युरिफायर आणतात. पुढे कधी मागच्या शेडचा जुना सिमेंटचा पत्रा काढायची वेळ आली की कुणीतरी म्हणतंच, "प्युरिफायर आहे ना घरात!" तिथेच घोळ होतो. तो पत्रा बहुधा ॲस्बेस्टॉसचा असतो.

केंद्रातलं मीटर पीएम २.५ आणि पीएम १० मोजतं. ॲस्बेस्टॉसचे तंतू मात्र सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजावे लागतात. लांबी ५ मायक्रॉनच्या वर आणि रुंदीच्या किमान तिप्पट असेल, तरच तंतू हिशेबात धरतात.

हे तंतू अडवणारा हेपा फिल्टर जन्मला १९४०च्या दशकात, अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पासाठी. गंमत म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या कागदातच ॲस्बेस्टॉस होता! काचतंतू नंतर आले. त्याहून कहर केंट सिगारेटचा. १९५२ ते १९५६ या काळात तिच्या 'सुरक्षित' फिल्टरमध्ये निळा ॲस्बेस्टॉस भरलेला होता.

हेपा म्हणजे नुसती चाळण नव्हे. मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात, तर अगदी बारीक कण सैरभैर भटकत येऊन चिकटतात. मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, सर्वांत चलाख. म्हणून ९९.९७ टक्क्यांची परीक्षा त्यांच्यावरच घेतात.

मग हेपा असलेला घरचा प्युरिफायर का चालत नाही? तो खोलीतली हवा खोलीतच फिरवतो, वर बसलेली धूळही उडवतो. या कामाला निगेटिव्ह एअर मशीन लागतं. खोली प्लास्टिकने बंद करायची, हवा हेपातून ओढून बाहेर सोडायची आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम ५ पास्कलने कमी राखायचा. हिशेब सोपा आहे: १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट. अमेरिकी नियमाप्रमाणे तासाला चार वेळा हवा बदलायची, म्हणजे मिनिटाला ८० घनफूट. फिल्टर भरत जाईल तसा ओढा मंदावतो, म्हणून मशीन त्याहून मोठंच घ्या. प्लास्टिकच्या फटीशी बाहेरून उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर काम फत्ते!

कार्बन फिल्टरवर पैसे घालवू नका. तो वास आणि वायू धरतो, तंतू नाही. एन-९५ मास्कही या कामाला चालत नाही. जांभळ्या फिल्टरचा पी-१०० हवा. मात्र सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे पाणी. पत्रा ओला असेल तर तंतू फारसे उडतच नाहीत.

आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या खाणींना १९८६ पासून नवे परवाने नाहीत, पण परदेशातून आणून पत्रे बनवणं चालूच आहे. तेव्हा शेडचा पत्रा शाबूत असेल, तर त्याला ड्रिल नको, करवतही नको. राहू द्या.