विश्लेषण : लग्नामुळे ग्रीन कार्ड मिळाले, पण अमेरिकेचे नागरिकत्व कधी? तीन वर्षांच्या नियमातील खाचखळगे कोणते?

अमेरिकी नागरिकाशी लग्न झाले की तिथले नागरिकत्व आपोआप मिळते, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. प्रत्यक्षात लग्नामुळे मिळते ते ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. नागरिकत्वासाठी पुढे वेगळा अर्ज, मुलाखत, परीक्षा आणि शपथ असे टप्पे आहेत. यात एखादी तारीख चुकली किंवा माहेरचा मुक्काम लांबला, तर काही वर्षांचा फटका बसू शकतो.

तीन वर्षांचा नियम काय आहे?

ग्रीन कार्डधारकाला साधारणपणे पाच वर्षांनंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अमेरिकी नागरिकाच्या पती किंवा पत्नीसाठी हा काळ तीन वर्षांचा आहे. त्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. अर्जदाराकडे ग्रीन कार्ड असून तीन वर्षे झालेली असावीत, जोडीदार ही तीनही वर्षे अमेरिकी नागरिक असावा आणि दोघे ही तीन वर्षे पती-पत्नी म्हणून एकत्र राहत असावेत. शिवाय या तीन वर्षांपैकी किमान १८ महिने, म्हणजे सुमारे ५४८ दिवस, अर्जदार प्रत्यक्ष अमेरिकेत असावा लागतो.

पहिले कार्ड दोनच वर्षांचे का?

कायम वास्तव्य मिळते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर दोन वर्षे मुदतीचे सशर्त ग्रीन कार्ड दिले जाते. लग्न खरे आहे की कागदोपत्री, हे तपासण्यासाठी ही तरतूद आहे. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ‘आय-७५१’ हा अर्ज भरायचा असतो. सोबत एकत्र राहत असल्याचे पुरावे लागतात: संयुक्त बँक खाते, घराचा भाडेकरार, विमा, करविवरणपत्रे, मुलांचे जन्मदाखले. हा अर्ज राहून गेला तर वास्तव्याचा दर्जाच जातो आणि मायदेशी पाठवण्याची कारवाई सुरू होऊ शकते. सशर्त कार्डाची ही दोन वर्षे नागरिकत्वाच्या तीन वर्षांत मात्र धरली जातात.

अर्ज नेमका कधी करायचा?

नागरिकत्वाचा अर्ज म्हणजे ‘एन-४००’. वास्तव्याची तीन वर्षे पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी तो करता येतो. अनेक जण इथेच चुकतात, कारण ही सवलत फक्त वास्तव्याच्या काळासाठी आहे. एकत्र राहण्याची तीन वर्षे अर्जाच्या दिवशी पूर्णच असावी लागतात.

समजा, पुण्यातील एका मुलीचे लग्न जानेवारी २०२२ मध्ये झाले. व्हिसा येईपर्यंत ती माहेरीच होती आणि १० जून २०२३ रोजी अमेरिकेत उतरली. त्याच दिवसापासून तिचे कायम वास्तव्य सुरू झाले. ९० दिवसांच्या हिशेबाने १२ मार्च २०२६ ही तारीख निघते. पण दोघे एका छताखाली राहू लागले तेच १० जून २०२३ पासून. त्यामुळे तिने १० जून २०२६ पर्यंत थांबणे योग्य. घाई केली तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि शुल्कही वाया जाते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार हे शुल्क ऑनलाइन अर्जासाठी ७१० डॉलर आणि कागदी अर्जासाठी ७६० डॉलर आहे.

पती नंतर नागरिक झाला असेल तर?

आयटीतील अनेक मराठी कुटुंबांना हा मुद्दा लागू होतो. पती एच-१बी व्हिसावर गेला, कंपनीमार्फत त्याला आणि त्याच्याबरोबर पत्नीलाही ग्रीन कार्ड मिळाले. पुढे पती नागरिक झाला, म्हणून पत्नीला लगेच तीन वर्षांचा नियम लागत नाही. पती नागरिक होऊन तीन वर्षे व्हावी लागतात. तोवर बहुतेक वेळा पत्नीची स्वतःची पाच वर्षे भरलेली असतात. अशा वेळी पाच वर्षांच्या नियमाने अर्ज करणेच सोपे.

माहेरचा मुक्काम लांबला तर?

आईवडिलांचे आजारपण, बाळंतपण किंवा घरातील वाटणीची कामे यांसाठी भारतातील मुक्काम लांबतो. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित झाले, असे गृहीत धरले जाते. अमेरिकेतील नोकरी, घर, कुटुंब कायम होते हे पुराव्यानिशी दाखवले तर ते मान्य होऊ शकते. सलग एक वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिल्यास मात्र वास्तव्य खंडितच होते. तीन वर्षांच्या नियमातील व्यक्तीला मग परतल्यापासून दोन वर्षे आणि एक दिवस थांबावे लागते. पुनर्प्रवेशाचा परवाना घेतला असला तरी हा नियम बदलत नाही. त्यामुळे जाण्या-येण्याच्या तारखा नोंदवून ठेवाव्यात. अर्जात त्या विचारल्या जातात.

घटस्फोट किंवा छळ झाल्यास काय?

शपथेपूर्वी घटस्फोट झाला किंवा जोडीदाराचे निधन झाले, तर तीन वर्षांचा नियम लागू राहत नाही. कार्ड शाबूत असेल तर पाच वर्षांचा मार्ग खुला असतो.

‘तुझे कार्ड रद्द करून टाकीन’ ही धमकी परदेशातील अनेक विवाहितांना ऐकावी लागते. वास्तविक कार्ड रद्द करण्याचा अधिकार पतीला नाही. ‘आय-७५१’वर सही करण्यास त्याने नकार दिला, तरी घटस्फोट किंवा छळाच्या कारणावरून पत्नीला एकटीने अर्ज करता येतो. लग्न प्रामाणिकपणे केले होते, हे मात्र दाखवावे लागते. छळामुळे कायद्याच्या विशेष तरतुदीखाली कायम वास्तव्य मिळालेल्या व्यक्तीला तीन वर्षांचा नियमही मिळतो आणि एकत्र राहण्याची अट लागत नाही. पोलीस तक्रार, वैद्यकीय कागद, मेसेज जपून ठेवणे अशा वेळी महत्त्वाचे ठरते.

मुलाखतीत काय विचारतात?

बोटांचे ठसे झाल्यावर मुलाखत होते. अर्जातील माहिती, प्रवास, कर, अटक किंवा गुन्हे यांबाबत प्रश्न असतात. इंग्रजी वाचन आणि लेखनासाठी प्रत्येकी तीनपैकी एक वाक्य बरोबर यावे लागते. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज केलेल्यांसाठी इतिहास आणि राज्यव्यवस्थेची परीक्षा बदलली आहे. १२८ प्रश्नांच्या यादीतून २० पर्यंत प्रश्न तोंडी विचारतात, त्यातील १२ बरोबर हवेत. आधीच्या परीक्षेत १०० प्रश्नांच्या यादीतून दहा विचारत आणि सहा बरोबर लागत. मुलाखत उत्तीर्ण झाली तरी शपथ घेईपर्यंत व्यक्ती नागरिक होत नाही.

भारतीय नागरिकत्वाचे काय होते?

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा, १९५५च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय पासपोर्ट वापरणे तेव्हापासूनच बेकायदा ठरते. तो रद्द करून ‘सरेंडर सर्टिफिकेट’ घ्यावे लागते. त्यानंतर ‘ओसीआय’ कार्डासाठी अर्ज करता येतो. या कार्डावर आयुष्यभर भारतात येता-जाता येते, पण मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. भारतात राहणाऱ्या आईवडिलांकडून वारशाने आलेली जमीन मात्र स्वतःकडे ठेवता येते. सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी किंवा गावी जमीन घेण्याचा विचार असलेल्यांनी ही बाजू शपथेच्या आधीच तपासून घेणे श्रेयस्कर.