फुप्फुसातले झरोके

मार्च उजाडला की आमच्या गडचिरोलीकडे मोहफुलांचा हंगाम येतो. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्या धुरात वाढलेला मी जीवशास्त्र शिकवायला चंद्रपूरला आलो, तो कोळशाच्या धुळीत! २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात ८३.८८ गुण ‘मिळवून’ चंद्रपूर देशात चौथे आले. एरवी चौथा नंबर आला तर आपण पेढे वाटतो.

हा धूर, ही धूळ जिथे पोचते, त्या फुप्फुसातल्या पेशी संकटात एकमेकींशी बोलतात. कशा?

आमच्या गावी शेजारच्या घराच्या आणि आमच्या सामाईक भिंतीत एक झरोका होता. आई त्यातून विस्तव मागायची, मीठ द्यायची. शेजारशेजारच्या पेशींमध्येही असे झरोके असतात. त्यांना ‘गॅप जंक्शन’ म्हणतात. कनेक्सिन नावाच्या सहा प्रथिनांचे एक कडे या पेशीचे, तसेच एक त्या पेशीचे. दोन्ही कडी तोंडाला तोंड लावून जुळली की आरपार नळी तयार! ती इतकी अरुंद, की मोठी प्रथिने अडतात आणि कॅल्शियमसारखे लहान कण तेवढे पलीकडे जातात.

दीर्घ श्वास घेतला की वायुकोश ताणला जातो. हा ताण त्याच्या पातळ, पसरट पेशींना जाणवतो. पण कोश मिटू नये म्हणून लागणारा सरफॅक्टन्ट हा स्निग्ध पदार्थ असतो शेजारच्या गुबगुबीत पेशींकडे. मग कॅल्शियमची लाट झरोक्यातून तिकडे जाते आणि सरफॅक्टन्ट बाहेर पडतो.

२०१४ साली ‘नेचर’मध्ये आलेले संशोधन तर फारच सुरेख आहे. उंदरांच्या वायुकोशांना चिकटून बसलेल्या काही भक्षक पेशी याच झरोक्यांतून भिंतीच्या पेशींशी संधान बांधतात आणि दाह आवरतात, असे त्यात दिसले. भक्षक पेशींतले कनेक्सिन काढून टाकून जिवाणूंचे विष दिले, तर दाह वाढला.

शेजार नेहमी भल्याचाच असतो असे मात्र नाही. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत हीच लाट दाहाची बातमी दूरवर पसरवते. आणि एखादी पेशी फाटून तिच्यात कॅल्शियमचा पूर आला, तर झरोका बंद होतो; शेजारीण वाचते.

सिगारेटच्या धुराच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या पेशींचा हा संवाद मंदावतो, असेही आढळले आहे. मी हे आईला सांगितले. चुलीपुढची फुंकणी बाजूला ठेवून ती म्हणाली, “मंग तं त्यायलेबी धुरापायी बोलता येत नसंन.” आणि पुन्हा खोकू लागली.