हातमागाचे कापड आणि आपले हात

आपल्या समाजाच्या इतिहासावर बोलताना आपण येसकरकी, वेठबिगार आणि गावकीची कामे यांविषयी पुष्कळ बोलतो. ते योग्यच आहे. परंतु एक गोष्ट बहुधा राहून जाते. नागपूर-भंडारा भागातील आपल्या पूर्वजांपैकी असंख्य कुटुंबांच्या घरी माग होता. पूर्वाश्रमीचे महार हे त्या मुलखात जाडेभरडे सुती कापड विणणारे म्हणून ओळखले जात. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथातही याची नोंद आहे. आमच्या तरुणांना हे ठाऊक असावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

कोष्टी विणकर नागपूर, उमरेड, पवनी येथे रेशीमकाठी धोतरे व लुगडी विणीत. त्यांचे काम तलम. महार विणकरांचे कापड जाड, टिकाऊ आणि कष्टकऱ्यांच्या अंगावर टिकेल असे. एकाचे काम श्रेष्ठ व दुसऱ्याचे कनिष्ठ असे म्हणण्याचे कारण नाही. मागाची रीत दोन्हीकडे मुळात एकच.

ही रीत थोडक्यात अशी. कापडात उभे दोरे असतात तो ताणा व आडवे असतात तो बाणा. प्रथम हव्या त्या लांबीचे शेकडो दोरे एकसारखे मांडून ताणा तयार करतात. नुसते सूत फणीच्या घर्षणाने तुटते, म्हणून त्याला पेजेची खळ लावून कुंचीने सारखे करतात. विणकर वस्तीत सकाळी रस्त्याच्या कडेने लांबच लांब ताणे पसरलेले दिसत, ते याच कामासाठी. नंतर प्रत्येक दोरा फणीतून ओवायचा. विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसतो. पायाने पावडी दाबली की निम्मे दोरे वर व निम्मे खाली होतात आणि मधून धोटा पलीकडे जातो. धोट्यात बाण्याच्या सुताची कांडी असते. मग फणीने ठोकून तो दोरा घट्ट बसवायचा. एक दोरा झाला. असे हजारो दोरे झाले की एक नग तयार होतो.

मागावर एक माणूस बसलेला दिसतो, परंतु काम घरभराचे असते. सूत उकलणे, खळ लावणे, कांड्या भरणे ही कामे बायकामुलींकडे असत. ही रीत फार प्राचीन आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतील विणकराच्या मुलीची कथा येते. बापाने तिला कांड्या भरून आणायला सांगितले होते. तथागतांचा उपदेश ऐकावा की बापाचे काम करावे, असा तिला प्रश्न पडला. तिने आधी कांड्या भरल्या आणि मागाकडे जाता जाता टोपलीसह सभेच्या कडेला येऊन उभी राहिली. तथागत तिच्यासाठीच बोलायचे थांबले होते. कथेत त्या मुलीचे नाव नाही. ती केवळ ‘विणकराची मुलगी’ आहे. आजही कापडाची मजुरी नगावर ठरते तेव्हा कांड्या भरणाऱ्या हातांचा हिशेब बहुधा वेगळा होत नाही.

मग आपल्या घरातील माग गेला कुठे? गिरण्यांचे सूत व कापड स्वस्त मिळू लागले. तलम काठाचे काम यंत्राला लवकर जमले नाही, त्यामुळे ते विणकर काही काळ तगले. जाडे कापड मात्र गिरणीने सहज काढले आणि आपल्या लोकांचे गिऱ्हाईक तुटले. १८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. घरचा माग थंडावत चालला तसे आपले अनेक लोक गिरणीच्या दारी उभे राहिले.

कापडाचे कसब ज्यांच्या रक्तात नव्हे, पण हातात होते, त्यांना गिरणीत विणकाम मिळायला हवे होते. मुंबईच्या गिरण्यांत मात्र उलटे घडले. अस्पृश्य कामगारांना सूत काढण्याच्या खात्यात घेत, परंतु चांगली मजुरी मिळणाऱ्या विणाई खात्यात, म्हणजे साचाखात्यात, प्रवेश नसे. कारण काय? कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. त्याच अस्पृश्याने काढलेले सूत मात्र चालत होते! १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. तो सोवळ्याइतकाच पोटाचाही प्रश्न होता.

आज विदर्भात हातमाग उरला आहे तो थोडा. भंडारा-नागपूर भागातील करवतकाठी टसर साडी हे त्याचे उत्तम उदाहरण. ऐन व अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या कोशांपासून टसर रेशीम मिळते. अंग रेशमाचे, काठ सुती आणि काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. त्यासाठी तीन धोटे एकाच वेळी चालवावे लागतात. देशाच्या २०१९-२० च्या हातमाग गणनेत सुमारे ३५ लाख विणकर व साहाय्यक कामगार नोंदले गेले. विणकरांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. आळवीची ती मुलगी आता स्वतः मागावर बसली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

बँकेत काम करीत असल्यामुळे एक बाब आम्हांस विशेष जाणवते. पुष्कळ विणकर व्यापाऱ्याचे सूत घेऊन नगावर मजुरी करतात. सूत त्याचे, माल त्याचा. त्यामुळे स्वतःचा धंदा आहे असे दाखविणारा कागद विणकराजवळ नसतो आणि कागद नाही म्हणून भांडवल मिळत नाही. विणकर ओळखपत्र, सहकारी संस्थेचे सभासदत्व आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते या तीन गोष्टी म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. खाते घरातील स्त्रीच्या नावे असल्यास अधिक चांगले.

कोणी म्हणेल, मुलांना पुन्हा मागावर बसवायचे काय? मुळीच नाही. जन्मावरून धंदा ठरावा, या विचाराविरुद्धच आपला लढा आहे. मुलांनी शिकावे आणि हवे ते व्हावे. परंतु लादलेली गावकी व कमावलेले कसब यांत फरक आहे. गावकी टाकली ते उत्तम झाले. कसबाची लाज मात्र बाळगू नये.

धम्मचक्र प्रवर्तन दिन व बुद्धपौर्णिमा यांसाठी आपण दरवर्षी शुभ्र वस्त्रे खरेदी करतो. त्यांतील निदान एक वस्त्र हातमागाचे असावे. घेताना २००६ पासून वापरात आलेले हातमाग चिन्ह आहे का, ते पाहावे. दुकानदाराला हे कुठे विणले, कोणी विणले, हेही विचारावे. आणि ते प्रत्यक्ष विणकराकडून घेण्याचा योग आला, तर भावात घासाघीस करू नये. त्या भावातच कांड्या भरणाऱ्या मुलीची मजुरीही असते.