क्लॉकवर चालणाऱ्या कंपॅरेटरचा नॉइज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

खुलताबाद, वेरूळ, कन्नड या पट्ट्यातली मुले इलेक्ट्रॉनिक्स शिकायला छत्रपती संभाजीनगरला जातात. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात नाइलिट ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि इलेक्ट्रॉनिक्स डिझाइनचे एम.टेक. तिथे करता येते. चिप डिझाइनचा प्रकल्प हाती घेतला की कंपॅरेटर लवकरच समोर येतो. क्लॉकचा ठोका पडला की दोन व्होल्टेजपैकी मोठे कोणते ते ठरवायचे आणि 1 किंवा 0 द्यायचा, एवढेच त्याचे काम. अ‍ॅनालॉगचे डिजिटल करणाऱ्या बहुतेक सर्किटांचा निवाडा तोच करतो. पण त्याचा नॉइज सिम्युलेशनमध्ये कसा मोजायचा, याबद्दल फार चुकीच्या समजुती आहेत.

गैरसमज: आउटपुट 0 किंवा 1 असते, मग नॉइज कुठला?

वस्तुस्थिती: आउटपुटची लहर स्वच्छ दिसते हे खरे. नॉइज लहरीत दिसत नाही, तो निर्णयात शिरतो. समजा 1 व्होल्टच्या पल्ल्याचा 12 बिटांचा कन्व्हर्टर आहे. त्याची एक पायरी 0.24 मिलिव्होल्टची होते. खोलीच्या तापमानाला 10 फेम्टोफॅरडच्या कपॅसिटरवर केवळ उष्णतेमुळे जमणारा नॉइज सुमारे 0.64 मिलिव्होल्ट असतो, म्हणजे पायरीपेक्षा अडीच पटींहून जास्त. कंपॅरेटरमधल्या इतक्या लहान नोडवरचा नॉइज इनपुटपर्यंत मोजताना मधल्या गेनने भागला जातो, हाच काय तो दिलासा. तो गेन पुरेसा आहे की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

गैरसमज: अ‍ॅम्प्लिफायरला वापरतो तेच नॉइज अ‍ॅनालिसिस इथेही चालवावे.

वस्तुस्थिती: हीच चूक सर्वांत जास्त होते. ते अ‍ॅनालिसिस सर्किटचा एक स्थिर डी.सी. बिंदू धरते आणि त्याभोवती सर्व काही सरळ रेषेत आहे असे मानून आकडा काढते. क्लॉकवाल्या कंपॅरेटरला असा बिंदूच नसतो. क्लॉक खाली असताना खालचा ट्रान्झिस्टर बंद असतो, इनपुटच्या जोडीतून प्रवाह वाहत नाही, त्यामुळे मिळणाऱ्या आकड्याचा निर्णयाशी संबंध नसतो. क्लॉक वर धरला तर लॅच, म्हणजे निर्णय पकडून ठेवणारा भाग, एका बाजूला झुकून बसलेला असतो. निर्णय तोवर होऊन गेलेला असतो. जबरदस्तीने मधोमध उभा केला, तर तो तोल अस्थिर असतो. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, आकडा छापून देते, म्हणून फसगत होते.

खरी घटना नॅनोसेकंदाच्या छोट्याशा अंशात घडते. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या स्ट्राँगआर्म लॅचचे उदाहरण घ्या. ही रचना 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तोशिबाच्या अभियंत्यांनी मांडली, नाव मात्र डिजिटल इक्विपमेंटच्या प्रोसेसरवरून पडले. तिच्यात क्लॉक वर गेल्यावर इनपुटची जोडी आधी आतले दोन नोड रिकामे करते आणि त्या दोघांतला फरक वाढत जातो. त्यानंतर लॅच तो फरक झपाट्याने फुगवतो. बहुतांश नॉइज त्या पहिल्या टप्प्यात शिरतो. लॅचने झेप घेतल्यावर आलेला नॉइज जवळजवळ निरुपद्रवी असतो. म्हणूनच ‘कंपॅरेटर जितका वेगवान तितका चांगला’ हेही अर्धसत्य आहे. पहिला टप्पा थोडा लांबवला की नॉइज कमी होतो, आणि वेगात किंमत मोजावी लागते.

मग मोजायचे कसे? ट्रान्झिएंट सिम्युलेशनमध्ये नॉइज घालायचा, इनपुटला छोटा ठरलेला फरक द्यायचा, क्लॉक चालवायचा आणि 1 किती वेळा आला ते मोजायचे. ऑफसेट, म्हणजे कंपॅरेटरचा एका बाजूला असलेला कायमचा कल, नसताना 84 टक्के निर्णय 1 आले, तर दिलेला फरक म्हणजेच नॉइजचे प्रमाण विचलन, अर्थात सिग्मा. दोन-चार वेगवेगळ्या फरकांवर मोजून सामान्य वितरणाचा वक्र बसवला तर अधिक बरे. ऑफसेटही त्यातच निघतो. फरक फार मोठा घेऊ नये: चार सिग्मावर साधारण 31 हजारांत एक निर्णय चुकतो आणि तो पकडायला रात्र पुरत नाही.

गैरसमज: शून्य फरकावर 50 टक्के आले, म्हणजे नॉइज कळला.

वस्तुस्थिती: शून्यावर 50 टक्के कितीही नॉइजला येतात. तिथे फक्त ऑफसेट कळतो.

गैरसमज: शंभर निर्णय पुरेत.

वस्तुस्थिती: एका सिग्माच्या फरकावर शंभर निर्णयांतून काढलेल्या सिग्मात सुमारे 15 टक्के अनिश्चितता राहते. हजार घेतले तर ती 5 टक्क्यांच्या आसपास येते. निर्णय वाढवल्याने नॉइज कमी होत नाही, आपला अंदाज पक्का होतो.

गैरसमज: माँटे कार्लो चालवले, नॉइज निघाला.

वस्तुस्थिती: ट्रान्झिस्टरांमधल्या तफावतीचे माँटे कार्लो ऑफसेट सांगते. ऑफसेट प्रत्येक चिपचा वेगळा, पण त्या चिपपुरता कायम असतो. नॉइज दर निर्णयाला बदलतो. निर्णय वेळेत न लागणे म्हणजे मेटास्टेबिलिटी, ती तिसरीच गोष्ट.

गैरसमज: हे महागड्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाही.

वस्तुस्थिती: महागड्या साधनांत आवर्ती नॉइज अ‍ॅनालिसिस मिळते, ते झटपट उत्तर देते आणि उत्तमही आहे. पण मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने तयार केलेले ई-सिम मोफत आहे आणि त्याच्या आत एनजीस्पाइस चालते. गुगल आणि स्कायवॉटरने 2020 मध्ये खुल्या केलेल्या 130 नॅनोमीटर प्रक्रियेची मॉडेलेही एनजीस्पाइसमध्ये चालतात. मर्यादा एवढीच की ट्रान्झिएंटमध्ये एनजीस्पाइस ट्रान्झिस्टरचा स्वतःचा नॉइज आपणहून घालत नाही; ‘टीआरनॉइज’चे स्रोत आपल्याला जोडावे लागतात. त्यात नॉइजचे नमुने किती वेळाने पाडायचे ते नीट ठरवावे: 10 पिकोसेकंद घेतले तर 50 गिगाहर्ट्झपर्यंतचाच नॉइज येतो. स्रोताची ताकद मात्र स्थिर राहते, ट्रान्झिस्टरची निर्णयादरम्यान बदलत असते, त्यामुळे हे उत्तर अंदाजाचे आहे हे अहवालात स्पष्ट लिहावे. आणि यादृच्छिक आकड्यांचे सीड दर खेपेला बदलावे. तेच सीड ठेवून हजार वेळा चालवले तर एकच निर्णय हजार वेळा मोजला जातो.

गैरसमज: नॉइज म्हणजे निव्वळ शत्रू.

वस्तुस्थिती: नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आकाशातून जे टिपतात, ते बहुतांशी नॉइजच असते. भौतिकशास्त्रज्ञ व्हॅन व्लेक यांचे गणित तर असे सांगते की अशा क्षीण संकेतांचा सहसंबंध काढताना प्रत्येक अँटेनामागे एकच कंपॅरेटर, म्हणजे एकच बिट, ठेवला तरी संवेदनशीलता 64 टक्के टिकते.

प्रकल्प करणाऱ्यांना एकच विनंती आहे. अहवालात सिग्माचा आकडा लिहाल तेव्हा त्याच्याशेजारी निर्णय किती मोजले, नॉइज कुठल्या फ्रीक्वेन्सीपर्यंत घातला आणि तापमान किती धरले, हेही लिहा. तेवढे असेल तर दुसऱ्या कॉलेजातला विद्यार्थी तुमचे काम स्वतःच्या लॅपटॉपवर पडताळून पाहू शकेल.