मोटारीच्या खिडकींतून मध्य युरोप

युरोपच्या प्रवासाचीं वर्णनें आपल्या मासिकांतून इतकीं येऊन गेलीं आहेत कीं, त्यांत आणखी एकाची भर घालावयाची म्हणजे आधीं वाचकांची क्षमाच मागितली पाहिजे. राजवाडे, पूल, पुतळे आणि प्रार्थनामंदिरें हीं चित्रांवरून आतां सर्वांच्या ओळखीचीं झालीं आहेत. म्हणून त्यांचें वर्णन मी थोडक्यांत आटोपणार आहें. मला सांगावयाचें आहे तें एका लहानशा गांवांत नाइलाजानें काढाव्या लागलेल्या पाऊण तासाविषयीं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेंत त्या गांवाचें नांवसुद्धां नव्हतें.

हा प्रवास वस्तुतः माझ्या काकांचा. पुण्या-मुंबईकडील अडतीस माणसें प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लावा व बुडापेस्ट हीं चार शहरें आठ दिवसांत बसनें पाहावयास निघणार होतीं, व त्यांत काका-काकूंनीं आपलीं नांवें घातलीं होतीं. परंतु निघण्यास दोन महिने उरले असतां काकांच्या गुडघ्यानें दगा दिला. "भरलेले पैसे बुडवूं नका. ही पोर तोंवर परीक्षेंतून मोकळी होईल, हिला धाडा काकूबरोबर," असा आजीनें निकाल दिला. वनस्पतिशास्त्राची एम्. एस्सी. ची परीक्षा संपवून मी काकूंच्या शेजारच्या आसनावर जाऊन बसलें ती अशी.

आमच्या घरीं लहानमोठीं चौदा माणसें आहेत. काकू लग्न होऊन आल्या त्यास एकतीस वर्षें झालीं. सकाळचा पहिला चहा आणि रात्रीची शेवटची झांकपाक हीं तेव्हांपासून त्यांच्याच हातचीं. प्रवासांतही पहाटे पांचाला त्यांचे डोळे उघडत व मग कांहीं करावयाचें नाहीं हें ध्यानांत येऊन त्या खिडकीपाशीं बसून राहत. पहिल्या दिवशीं मला त्याचें हंसूं आलें होतें.

प्रागला दीड दिवस मिळाला. चौथ्या कार्ल राजानें १३५७ सालीं पायाभरणी केलेला पूल, त्यावरील तीस पुतळे, जुन्या नगरभवनावरील १४१० सालचें खगोलीय घड्याळ, सर्व कांहीं शास्त्रोक्त रीतीनें पाहून झालें. घड्याळाचे टोले पडतात तेव्हां वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ति फिरून जातात. त्या पाहावयास शेंकडों माणसें माना उंच करून उभीं होतीं, आणि त्यांतील बहुतेकांनीं तो सोहळा डोळ्यांऐवजीं हातांतील यंत्रांतूनच पाहिला. मींही तेंच केलें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आठाला व्हिएन्नाकडे निघालों. दुपारीं दोन वाजतां तेथील शनब्रुन राजवाड्यांत आमचा प्रवेश ठरलेला होता, आणि त्या तिकिटावर वेळ छापलेली असते. प्रागहून ब्रनोकडे जाणारा मोठा रस्ता दुरुस्तीमुळें कोंडलेला होता. मध्यें एकदां बारा मिनिटें थांबलों, तेवढेंच. ब्रनो शहर आम्हीं रस्त्यावरच्या फलकावर वाचलें. त्या शहरांतील एका मठाच्या बागेंत ग्रेगोर मेंडेल या साधूनें वाटाण्याचीं रोपें वर्षानुवर्षें वाढवून आनुवंशिकतेचे नियम शोधून काढले व १८६५ सालीं तेथल्याच विद्वत्सभेपुढें ते वाचून दाखविले. जगाला त्यांची किंमत कळावयास १९०० साल उजाडावें लागलें. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला हें तीर्थक्षेत्रच! मीं व्यवस्थापकांना हळूच विचारून पाहिलें. "ताई, थांबलों तर राजवाडा हुकेल," ते म्हणाले; आणि त्यांचेंही खोटें नव्हतें.

पाऊण वाजण्याच्या सुमारास, ऑस्ट्रियाची हद्द अगदीं जवळ आली असतां, चालकानें गाडी मोठ्या रस्त्यावरून वळविली आणि मिकुलोव नांवाच्या गांवाच्या कडेला उभी केली. यंत्र बंद करून तो म्हणाला, "पंचेचाळीस मिनिटें."

गाडींत एकच गलबला उडाला. व्हिएन्ना तेथून ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर, म्हणजे सव्वा तासाची वाट. व्यवस्थापकांनीं आर्जव केलें, मग कांहीं नोटा पुढें केल्या. चालक पन्नाशीचा, मितभाषी चेक गृहस्थ होता. त्यानें नोटा शांतपणें परत सारल्या आणि समोरच्या यंत्रांत बसविलेलें एक लहानसें कार्ड दाखविलें. आमच्यांतील एक निवृत्त गृहस्थ संतापून म्हणाले, "आमच्याकडे सोळा सोळा तास गाड्या हांकतात, कांहीं होत नाहीं!"

"होतें," काकू म्हणाल्या, "आणि मग तें वर्तमानपत्रांत येतें."

त्या यंत्राला टॅकोग्राफ म्हणतात. गाडी केव्हां चालली, किती वेळ चालली, केव्हां थांबली, याची नोंद तें आपोआप ठेवतें, आणि वाटेंत कोठेंही तपासनीस ती मागूं शकतात. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या नियमान्वयें साडेचार तास गाडी चालविल्यावर चालकानें पंचेचाळीस मिनिटें विसांवा घेतलाच पाहिजे. दिवसांत नऊ तासांहून अधिक गाडी चालवितां येत नाहीं. आठवड्यांतून दोनच वेळां ती मर्यादा दहावर नेतां येते. रात्रीं सामान्यतः सलग अकरा तास विश्रांति हवी. दुपारचा विसांवा तुकड्यांनीं घेतां येतो, परंतु पंधरा मिनिटांहून लहान तुकडा धरला जात नाहीं. आमचीं बारा मिनिटें अशीं फुकट गेलीं होतीं! रस्ता कोंडल्यानें गोगलगाईच्या गतीनें सरकण्यांत गेलेला वेळ मात्र गाडी चालविण्यांतच जमा. सर्वांत नवल मला पुढच्या कलमाचें वाटलें. सुरक्षिततेला बाध येत असेल तर किती अंतर तोडलें यावर चालकाला बक्षीस देण्याचीही मनाई आहे. याचा अर्थ, आमच्या नोटांचा विचार कायदा करणारांनीं आधींच करून ठेवला होता.

आतां करावयाचें काय? कांहीं मंडळी रागानें गाडींतच बसून राहिली. मी आणि काकू उतरलों.

मिकुलोव हें द्राक्षमळ्यांच्या मधोमध वसलेलें टुमदार गांव आहे. खडकावर एक भव्य वाडा आहे, आणि १८६६ सालच्या युद्धानंतर प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्यांतील तहाचा मसुदा त्याच वाड्यांत ठरला. परंतु आमचीं पावलें वळलीं तीं गांवाच्या कडेच्या टेकडीवर. तेथें ज्यू लोकांचें जुनें दफनस्थान आहे. सुमारें चार हजार शिळा, कित्येक कलंडलेल्या, शेवाळलेल्या, उंच गवतांत उभ्या आहेत. एके काळीं मोराव्हिया प्रांतांतील ज्यूंचें हें मुख्य पीठ होतें. मातीच्या पुतळ्यांत जीव घातल्याच्या प्रागमधील दंतकथेचे नायक रब्बी लोव हे सोळाव्या शतकांत वीस वर्षें येथेंच धर्माधिकारी होते. १९३८ सालीं हा भाग हिटलरच्या राज्यांत गेला. ज्यांना पळून जातां आलें ते गेले, उरलेल्यांतले बहुतेक मारले गेले, आणि तो समाज येथें पुन्हां उभा राहिला नाहीं.

एका शिळेवर दोन-तीन खडे ठेवलेले होते. भेटावयास आलेल्यानें फुलांऐवजीं खडा ठेवावा, अशी त्या लोकांची चाल आहे, असें मीं काकूंना सांगितलें.

"बाकीच्यांवर नाहींत ते?"

"त्यांचीं माणसें उरलीं नसतील, काकू."

काकू बराच वेळ उभ्या राहिल्या. "एवढीं घरें नांदलीं, आणि मागें पाणी द्यायला कोणी नाहीं," त्या हलकेंच म्हणाल्या. मग त्यांनीं वाटेवरचा एक खडा उचलून जवळच्या शिळेवर ठेवला. नांव आम्हां दोघींनाही वाचतां येत नव्हतें.

परत आलों तेव्हां चालक पायरीवर बसून थर्मासांतील कॉफी पीत होता. काकूंनीं डब्यांतला बेसनाचा लाडू त्याला दिला. त्यानें तो दोन्ही हातांनीं घेतला आणि पुरता खाऊन झाल्यावरच घड्याळ पाहिलें. पंचेचाळीस मिनिटें भरावयाचीं होतीं. त्यांतलें एकही त्यानें आम्हांला सोडलें नाहीं.

पुढें पांच-सात मिनिटांत आम्ही ऑस्ट्रियांत होतों. कोणीं अडविलें नाहीं, कीं पारपत्र मागितलें नाहीं. याच सरहद्दीवर पूर्वी कांटेरी तारांचें कुंपण व पहाऱ्याचे मनोरे होते, आणि तें ओलांडूं पाहणारांवर गोळ्या झाडल्या जात. १९८९ च्या डिसेंबरांत दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं ती तार एकत्र येऊन कापली. २१ डिसेंबर २००७ पासून चेक, स्लोव्हाकिया व हंगेरी या देशांच्या शेजाऱ्यांशीं असलेल्या अशा सीमांवरील नित्याची तपासणीही उठली. प्रसंगविशेषीं ती तात्पुरती पुन्हां बसते, एवढेंच. दफनस्थानांतून आलें नसतें तर हा रिकामा रस्ता मला नुसता रस्ताच वाटला असता.

शनब्रुनला पोंचलों तेव्हां तिकिटाची वेळ टळून गेली होती. राजवाड्याच्या एक हजार चारशें एकेचाळीस दालनांपैकीं एकही आम्हांला आंतून पाहतां आलें नाहीं. बाग मात्र सर्वांना विनामूल्य खुली असते. तींतून चढून आम्ही टेकडीवरच्या कमानदार मंडपापाशीं गेलों आणि सारें व्हिएन्ना संध्याकाळच्या उन्हांत पाहिलें. रुसलेली मंडळीही हळूहळू निवळली.

ब्रातिस्लावा पाहून सहाव्या दिवशीं बुडापेस्टला गेलों. बुडा, ओबुडा आणि पेस्ट हीं तीन गांवें १८७३ सालीं एक होऊन हें शहर झालें. येथें डॅन्यूबच्या कांठीं साठ जोड लोखंडी पादत्राणें ओळीनें मांडलेलीं आहेत. पुरुषांचीं, बायकांचीं, मुलांचींही. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत तेथील फॅसिस्ट टोळ्यांनीं ज्यूंना नदीकांठीं उभें करून, पादत्राणें काढावयास लावून, गोळ्या घातल्या. त्यांचें हें २००५ सालचें स्मारक. कार्यक्रमपत्रिकेंत त्याला दहा मिनिटें होतीं. दहा मिनिटें होऊन गेलीं, वीसही झालीं. मिकुलोवला सर्वांत अधिक संतापलेले ते निवृत्त गृहस्थ एका लहान मुलाच्या जोडापाशीं उभे होते. व्यवस्थापकांनीं घड्याळाकडे पाहिलें आणि ते कांहीं बोलले नाहींत.

घरीं परतल्यावर चौदा माणसांनीं काकूंना वेढा घातला. काय पाहिलें, काय खाल्लें? काकूंनीं पूल सांगितला, राजवाडा हुकल्याचें सांगितलें आणि मग त्या चालकाची गोष्ट सविस्तर सांगितली. आजी ऐकतां ऐकतां जपमाळ फिरवावयाची थांबली.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं, भांडीं आवरून काकू आपल्या खोलींत आडव्या झाल्या होत्या. सवयीप्रमाणें माझ्या तोंडून हांक गेली, "काकू, चहा!" परीक्षेच्या दोन वर्षांत हीच हांक मीं किती वेळां मारली असेल, याची नोंद कोणत्याही यंत्रांत नाहीं.

आंतून उत्तर आलें, "पंचेचाळीस मिनिटें."

मला प्रागच्या त्या पुलापेक्षां हा एक शब्द अधिक दिवस पुरेल असें वाटतें. परक्या देशांत एका अनोळखी माणसाचा विसांवा अडतीस प्रवाशांच्या घाईहून मोठा ठरला, आणि तो मोडावयास गेलेल्यांत मनानें मीही होतें. घरांत तर तसा कायदा नाहीं. तो घरच्यांनींच पाळावयाचा. त्या दिवशीं चहा मीं केला. आजीच्या मतें तो पांचट झाला होता, परंतु ती तो सर्व प्याली.