जिंकले, पण वर जायचे नाही
(‘मैदानामागचे हिशेब’ लेखमाला : भाग सहावा)

मागच्या भागात युरोपातल्या फुटबॉल लीगची शिडी पाहिली. खालच्या विभागातला विजेता वर चढतो, वरच्या विभागातला तळाचा संघ खाली उतरतो. दक्षिण कोरियाने ही शिडी २००६ साली आपल्याकडे लावून पाहिली. सुरुवातीला फक्त खालच्यांनी वर यायचे, एवढीच माफक योजना होती. तीही पहिल्याच हंगामात अडली, कारण विजेत्यानेच वर यायला नकार दिला.

या खालच्या स्पर्धेचे नाव ‘नॅशनल लीग’. कागदोपत्री ती हौशी संघांची, पण इथले बहुतेक संघ कंपन्यांचे, बँकांचे किंवा नगरपालिकांचे होते. आपल्या कबड्डी स्पर्धांतला ‘व्यावसायिक गट’ डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. पगार संस्थेचा, जर्सीवर नावही संस्थेचे. पूर्वीचे कितीतरी खेळाडू बूट उतरवल्यावर त्याच संस्थेत टेबलामागे बसत.

२००६ चा हंगाम दोन टप्प्यांत झाला आणि अंतिम लढतीत सेऊलशेजारच्या गोयांग शहराच्या कुकमिन बँकेने गिम्पोच्या हालेलुया संघाला हरवले. ही जोडी गमतीची आहे. १९८३ मध्ये कोरियाची पहिली मोठी लीग पाच संघांनिशी सुरू झाली, तेव्हा विजेता होता हालेलुया नावाचाच ख्रिस्ती धर्मप्रचारकांचा संघ आणि तळाला होती हीच कुकमिन बँक. गिम्पोचा संघ नंतर नव्याने उभा राहिलेला, पण नाव आणि परंपरा तीच. म्हणजे ज्या दोन नावांनी पहिल्या लीगचा माथा आणि तळ गाठला होता, तीच तेवीस वर्षांनी एक पायरी खाली विजेतेपदासाठी झुंजत होती.

बँक जिंकली आणि मग थबकली. वरच्या लीगमध्ये यायचे तर क्लबला व्यावसायिक कंपनीचे रूप द्यावे लागणार होते. तिकिटे विकायची, प्रायोजक शोधायचे, खेळाडूंची खरेदी-विक्री करायची. बँकेने बँकिंग कायद्याकडे बोट दाखवले : आम्हाला असला धंदा करता येत नाही. गोयांगचे चाहते संतापले, पुढच्या हंगामात बँकेचे गुणही कापले गेले. मला मात्र यात बँकेपेक्षा नियम करणाऱ्यांचा दोष मोठा वाटतो. कारकुनी शिस्तीत चाललेल्या संघाला बाजारात उतरवायचे, तर त्याच्या मालकाची वही आधी उघडून पाहायला नको?

२००७ ची कथा आणखी चमत्कारिक. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात सुवोन सिटीचे पाच खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेले. मैदानात सातपेक्षा कमी उरले की सामना चालू ठेवता येत नाही, म्हणून तो तिथेच थांबला. विजेतेपद उल्सानच्या ह्युंदाई मिपो गोदीच्या संघाला मिळाले. हा संघ लेचापेचा नव्हता. २००५ मध्ये त्याने कोरियन एफए कपची अंतिम फेरी गाठून जोनबुककडून अवघ्या एका गोलने हार पत्करली होती. पण त्याच उद्योगसमूहाचा, त्याच शहरातला उल्सान ह्युंदाई आधीच वरच्या लीगमध्ये खेळत होता. एका घरचे दोन संघ वर कशाला? मिपोनेही नकार दिला, आणि योजना गुंडाळली गेली.

मार्ग निघाला तो २०१३ मध्ये, मधला व्यावसायिक विभाग सुरू झाल्यावर. तिथे सुवोनची नगरपालिका आली, कारण तिच्यामागे शहराचा पैसा आणि शहराचा हट्ट होता. सुवोन सिटीच्याच या संघाने, आता सुवोन एफसी या नावाने, २०१५ च्या अखेरीस बुसान आयपार्कला हरवून वरची लीग गाठली. मोठ्या उद्योगसमूहाचा क्लब खाली घसरण्याची कोरियातली ती पहिलीच वेळ.

कुकमिन बँकेने २०१२ मध्ये संघच बंद केला. मालकाचे मन फिरले की संघ संपतो, हे महिंद्र युनायटेडच्या २०१० मधल्या निरोपाने आपणही पाहिले आहे. बँकेचे बरेच खेळाडू नव्या एफसी आन्यांगमध्ये गेले. आन्यांगचा जुना क्लब २००४ मध्ये सेऊलला हलवला गेला होता, तेव्हापासून तिथले चाहते स्वतःच्या संघासाठी झगडत होते. २०२४ मध्ये आन्यांग दुसऱ्या विभागात पहिले आले आणि वर गेले.

पुढच्या भागात याच नॅशनल लीगमधला, अणुऊर्जा कंपनीच्या संघातून खेळलेला आणि पुढे नापोलीसोबत इटलीची लीग जिंकणारा बचावपटू किम मिन-जे.